विचारा बिनधास्त: ट्रेडिंगला डिग्री लागते का?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की बाजार मार्कशीट विचारत नाही, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळी एसआयपी, सोनं, एफडी सगळं बाजूला ठेवावं लागलं. काही पत्रांत माझं कौतुक आहे, दोनमध्ये शिव्या आहेत (एक शाळामास्तरांचं आहे, त्यांचा राग मला पटला), आणि बाकी सगळ्यांना एकच विचारायचंय, शिकावं का सोडावं. त्यातली पाच घेतलीत. नव्या वाचकांसाठी एवढंच, निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, ऑप्शन म्हणजे थोडे पैसे (प्रीमियम) देऊन ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क, चढण्यावर लावला तो कॉल, पडण्यावर लावला तो पुट, आणि फ्युचर्स व ऑप्शन मिळून एफअँडओ किंवा डेरिव्हेटिव्ह.

प्रश्न: ताई नमस्कार. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन बॅकलॉग आहेत. दीड वर्षापासून मोबाईलवर निफ्टीचे ऑप्शन करतो. सुरुवातीला 18 हजार गेले पण मागचे चार महिने प्रॉफिटमध्ये आहे, 31 हजार काढले. बाबा म्हणतात आधी डिग्री पूर्ण कर. मला वाटते फीमध्ये पैसे घालण्यापेक्षा तेच कॅपिटल म्हणून लावावे, आजोबांचे पण मिळून 3 लाख होतील. झिरोधावाला निखिल कामथ तर दहावीनंतर शाळेतच गेला नाही. तुम्हीच लिहिलं बाजार मार्कशीट विचारत नाही. मग बाबांना काय सांगू?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांग, बॅकलॉगचा फॉर्म भर, मग आपण भांडू.

ती ओळ माझीच आहे, मी पलटत नाही. नागपुरात बर्डीवर एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात 21 वर्षं डीलर म्हणून टर्मिनलवर बसले, फोन कानाला आणि बोटं कीबोर्डवर, आणि इतक्या वर्षांत ऑर्डर टाकताना स्क्रीनने एकदाही विचारलं नाही की क्लायंट कितवी पास आहे. स्वतःचे पैसे लावायला पॅन, आधार, बँक खातं आणि एफअँडओ चालू करायचं असेल तर सहा महिन्यांचं स्टेटमेंट, झालं. परीक्षा लागते ती दुसऱ्याच्या पैशाला हात लावताना, म्हणजे ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हच्या डेस्कवर बसायचं तर एनआयएसएम या संस्थेची सिरीज आठ नावाची परीक्षा द्यावी लागते, आमच्या वेळी एनसीएफएम नावाची होती, मी ती दुसऱ्या खेपेला पास झाले, हसू नको.

पण तू त्या ओळीतून जे काढलं ते मी म्हटलंच नव्हतं. निखिल कामथने दहावीनंतर शाळा सोडली हे खरं, पण पुढचं कोणी स्टेटसला ठेवत नाही. सतराव्या वर्षी तो कॉल सेंटरला लागला. भाऊ नितीन तर इंजिनिअर, आणि तोही रात्री कॉल सेंटर, दिवसा ट्रेडिंग असं कित्येक वर्षं ओढत होता. आज पेपरात त्यांच्या संपत्तीचे जे आकडे येतात ते मुख्यतः 2010 साली त्यांनी काढलेल्या झिरोधा या ब्रोकरेज कंपनीचे, म्हणजे तू ऑर्डर टाकली की जे 20 रुपये कटतात ना, तसल्या धंद्याचे. डीमार्टवाल्या राधाकिशन दमाणींनी बीकॉम पहिल्याच वर्षी सोडलं, पण आधी त्यांचा बॉल बेअरिंगचा व्यापार होता आणि वडील दलाल स्ट्रीटवरच कामाला. बाजारातले बडे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला, त्यांचे वडील इन्कम टॅक्समध्ये अधिकारी, पोराला बाजाराचं वेड लागलं तर म्हणाले आधी शिकून घे आणि बाजारासाठी मला पैसे मागू नको, मग ते सीए झाले आणि 1985 मध्ये 5 हजारांवर सुरुवात केली. आता या सगळ्यांत डिग्री कुणाकडे आहे कुणाकडे नाही, पण शिकायच्या काळात पोट भरायची सोय बाजाराच्या बाहेर होती. तुझ्या पत्रात ती सोय कुठे आहे ते मी दोनदा शोधलं.

आता वही काढ. 3 लाख भांडवल. डिग्री सोडली तर हा तुझा धंदा, म्हणजे घरी निदान 25 हजार महिना दिला पाहिजे, नाहीतर बाबा रोज संध्याकाळी तेच बोलतील. 25 हजार गुणिले 12 म्हणजे 3 लाख. म्हणजे दरवर्षी शंभर टक्के कमवायचे, तेही सगळे काढून खायचे, भांडवल जागेवरच. शंभर टक्के सोड, खर्च बघ. एका ऑर्डरला 20 रुपये, घेताना 20 विकताना 20, त्यावर 18 टक्के जीएसटी, 47 रुपये 20 पैसे. दिवसाला पाच ट्रेड, महिन्यात 20 दिवस, 4,720 रुपये. वर्षाला 56,640. एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) आणि एक्स्चेंजचे चार्जेस अजून धरलेच नाहीत, तरी तुझ्या भांडवलाचे जवळपास 19 टक्के बाजार वर जावो खाली जावो आधीच गेले. हे गणित सातवीचं आहे, आणि तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून पत्रात ते कुठेच नाही, म्हणून मला काळजी वाटली, बॅकलॉगची नाही.

दुसरं म्हणजे समोर कोण बसलंय ते बघ. तू कॉल घेतो तेव्हा तो कुणीतरी विकलेला असतो. सेबीने, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2024 मध्ये अहवाल काढला होता, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा, 1 कोटीच्या वर साधे लोक एफअँडओ करणारे, त्यातले 93 टक्के लॉसमध्ये, सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता 1 लाखाच्या वर नफा झालेले लोक फक्त 1 टक्का. आणि कमावलं कोणी? 2023-24 या एका वर्षात ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या डेस्कांनी ढोबळ 33 हजार कोटी आणि परदेशी फंडांनी 28 हजार कोटी, आणि त्यातला 95 टक्क्यांच्या वर नफा अल्गोचा, म्हणजे कॉम्प्युटरने टाकलेल्या ऑर्डरींचा. तो प्रोग्राम कोण लिहितं? गणितात, फिजिक्समध्ये पीएचडी झालेली माणसं. अमेरिकेतले जिम सिमन्स बघ, वयाच्या तेविसाव्या वर्षी बर्कलेची गणितातली डॉक्टरेट, मग वर्षानुवर्षं प्राध्यापकी, नंतर फंड काढला आणि वॉल स्ट्रीटवाले घेण्यापेक्षा गणिती आणि शास्त्रज्ञ कामाला ठेवले. तर ट्रेडिंगमध्ये शिक्षणाला किंमत नाही असं जे पोट्टे फुटाळा तलावावर चहा पिता पिता बोलतात ना, ते अर्धंच आहे. शिक्षणाला फार किंमत आहे, फक्त ते शिक्षण त्यांच्या बाजूला बसलंय.

तुझ्या बाजूने जे सगळ्यात चांगलं बोलता येईल तेही सांगते, नाहीतर म्हणशील बाबांनी पैसे दिले. 1983 मध्ये शिकागोला रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन ट्रेडर मित्रांची पैज लागली, ट्रेडर जन्मावा लागतो का शिकवून तयार करता येतो. डेनिस म्हणे शिकवता येतो. पेपरात जाहिरात दिली, नाना तऱ्हेची माणसं निवडली, पत्त्यांच्या जुगारातले तरबेज होते, हिशेबनीस होते, एक पोरगा तर एकोणीस वर्षांचा. दोन आठवडे नियम शिकवले आणि बसवलं. बऱ्याच जणांनी खरंच भरपूर कमावलं. तर हो, दोन आठवड्यांत शिकता येतं, डिग्री नको. पण पैसे डेनिसचे होते, पोरांच्या आजोबांचे नाही. आणि ज्याने शिकवलं त्या डेनिसलाच 1987-88 मध्ये इतका मार बसला की त्याने धंदा बंद केला.

तुझ्या 31 हजारांतून आधीचे 18 वजा कर, 13 राहिले. तो ॲपवरचा हिरवा आकडा आहे का कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा (ब्रोकरच्या खर्च धरून दिलेल्या हिशेबावरचा), ते लिहिलं नाहीस. चार महिने कमी नाहीत पण पुरेसेही नाहीत, मी स्वतः 2007 चं अख्खं वर्ष हुशार होते. मग 21 जानेवारी 2008 आला, सेन्सेक्स 1,408 पॉइंट पडला, दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या सर्किट (भाव फार पडला की आपोआप लागणारा थांबा) लागून बाजार बंद, आणि दिवसभर क्लायंटला स्टॉपलॉस लावा स्टॉपलॉस लावा सांगणाऱ्या या बाईचा स्वतःचा स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर आपोआप विकायची ऑर्डर, नव्हता. 62 हजार गेले. पगार तेव्हा 7 हजार होता. पण पगार होता, म्हणून फेब्रुवारीतही घरात किराणा आला आणि मी परत शून्यापासून शिकायला बसू शकले, आणि तो पगार मला बीकॉम सेकंड क्लासवर मिळाला होता. माझ्या डिग्रीचा बाजाराला काही उपयोग झाला असेल तर एवढाच, आणि तो फार मोठा होता.

तर डिग्री पूर्ण कर, नोकरी धर, बुटीबोरी असो नाहीतर पुणे. तोपर्यंत एका लॉटच्या (ऑप्शन ज्या ठराविक गठ्ठ्यात मिळतात त्याच्या) वर जाऊ नको, आणि प्रत्येक ट्रेड वहीत लिही, का घेतला ते घ्यायच्या आधी लिही, नंतर लिहिलेलं कारण खोटं असतं. आजोबांचे पैसे आजोबांकडेच राहू दे.

प्रश्न: ताई, माझा मुलगा बीकॉम सेकंड इयरला आहे. त्याला ट्रेडिंगचा ऑनलाइन कोर्स लावायचा आहे, फी 65 हजार. सर म्हणे रोज लाइव्ह मार्केटमध्ये स्वतः ट्रेड करून दाखवतात, फी तीन महिन्यांत वसूल. मुलगा म्हणतो कॉलेजमध्ये काहीच शिकवत नाहीत, खरं शिक्षण हेच आहे. त्याचे बाबा नाहीत, एलआयसीचे पैसे ठेवलेले आहेत त्यातून द्यावे का?
– एक आई, नंदनवन

उत्तर: नाही. ताई, रागावू नका, पण ते पैसे कशाचे आहेत हे तुम्ही लिहिलं तिथेच माझं उत्तर झालं.

मुलाला सांगायला कारण लागेल म्हणून देते. जानेवारी 2025 मध्ये सेबीने परिपत्रक काढलं होतं की जे फक्त शिकवायचं काम करतात त्यांनी मागच्या तीन महिन्यांतले शेअरचे भाव वापरून शिकवायचं नाही. म्हणजे शिकवा, खुशाल शिकवा, पण जुन्या चार्टवर. कारण सरळ आहे, आज चालू असलेल्या भावावर हे घ्या ते विका म्हणणं हे शिकवणं नाही, तो सल्ला झाला, आणि सल्ला द्यायचा तर सेबीचं रजिस्ट्रेशन लागतं. त्या सरांकडे रजिस्ट्रेशन नंबर असेल तर मुलाला सेबीच्या वेबसाइटवर तपासायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे. फी तीन महिन्यांत वसूल हे वाक्य मात्र रजिस्ट्रेशन असलेल्यानेही बोलायचं नाही, परताव्याची हमी देता येत नाही.

आणि नफ्याचे स्क्रीनशॉट बघून भुलू नका, दोन खात्यांत उलटे ट्रेड टाकले की एक खातं हिरवं होणारच, दाखवायचं ते दाखवतात. मुलाला म्हणा सरांना इन्कम टॅक्सचा रिटर्न दाखवायला सांग, आयटीआर-3, धंद्यावाल्यांचा फॉर्म. नाही दाखवणार. मी आजवर एकालाही दाखवताना पाहिलं नाही, आणि आमच्या ऑफिसात असे सर लोक पण क्लायंट होते, त्यांचं मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम) कधी पुरत नव्हतं.

कॉलेजमध्ये काही शिकवत नाहीत यात तथ्य असेल, मी पण बीकॉमच आहे, मला माहीत आहे वर्गात काय होतं. पण बॅलन्सशीट वाचणं त्याच कंटाळवाण्या अकाउंट्समध्ये आहे, त्याला 65 हजार लागत नाहीत, आणि शिकायची खरीच हौस असेल तर एनआयएसएमच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन द्या आणि परीक्षेची फी भरा. पास झाला तर ब्रोकरकडे नोकरी तरी लागेल, दुसऱ्यांचे ट्रेड बघत दोन वर्षं काढली तर कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळेल. हे मी अनुभवाने सांगते.

प्रश्न: ताई रामराम. मी कळमन्यात संत्र्याचा व्यापार करतो, वय 46, आठवी शिकलो. मले इंग्रजी वाचता येत नाही. पुतण्या म्हणते काका तुमचं डोकं भावात चालते, तुम्ही ऑप्शन करा, मी मोबाईलवर टाकून देतो. आता आठवीवाल्याले हे जमन का, का उगाच फसन?
– कळमना

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रातला शेवटचा शब्द तुम्हीच लिहिलाय, म्हणजे अर्धं तर तुम्हाला जमलेलंच आहे.

ऑप्शन काय असतं ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, तुम्ही दरवर्षी करता. आंबिया बहाराचा बगीचा काटोलकडे बांधता, 6 लाखांत सौदा, 50 हजार इसार. तोडणीपर्यंत भाव चढला तर बगीचा तुमचा, त्याच 6 लाखांत. गळ लागली, गारपीट झाली, भाव कोसळला तर इसार सोडून देता (शेतकरी मग चार लोकांत काय बोलतो तो भाग वेगळा). तो 50 हजार म्हणजे प्रीमियम, आणि 6 लाख म्हणजे स्ट्राइक प्राइस. पीएचडीवाल्यांना हे समजायला फॉर्म्युला लागतो, तुम्हाला नाही लागणार.

फरक दोन ठिकाणी आहे. बगीचा तुम्ही पायी फिरून पाहता, झाडं मोजता, फळ हातात घेऊन सालीवरून सांगता की हे दिल्लीपर्यंत टिकेल का नाही, आणि मालक ओळखीचा असतो. निफ्टीत हे काहीच हाताला लागत नाही. आणि दुसरं, बगीच्याला बहाराचे महिने मिळतात, निफ्टीच्या आठवड्याच्या ऑप्शनची मुदत मंगळवारी दुपारी साडेतीनला संपते, आणि रोज थोडा थोडा इसार नुसता बसल्या बसल्या सुकत जातो, भाव जागेवरून हलला नाही तरी.

आता आठवीचं. तुमच्यासारखेच एक अडते काका आमच्याकडे यायचे, शिक्षण त्यांचंही तेवढंच. माणूस बाजारात तरबेज, तोटा दिसला की मिनिटाला सौदा कापायचे, सडकं संत्रं टोपलीत ठेवत नाहीत म्हणायचे, आणि मी बघत होते की शिकलेले साहेब लोक तोच तोटा कवटाळून बसायचे, खाली अजून घ्यायचे, ॲव्हरेज करायचे. मला वाटायचं हा माणूस कधी बुडणारच नाही.

2021 मध्ये त्यांनी एका कंपनीच्या शेअरचा कॉल घेतला. 500 चा स्ट्राइक, 1500 चा लॉट, प्रीमियम 6 रुपये, म्हणजे 9 हजार गेले. एक्सपायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या, गुरुवारी दुपारपर्यंत भाव 497, काकांनी मनातून 9 हजार सोडून दिले आणि कळमन्यात निघून गेले, इसार गेला तर गेला. शेवटच्या अर्ध्या तासात भाव चढला आणि बंद भाव पडला 502. शुक्रवारी सकाळी मी फोन केला, काका, साडेसात लाख भरायचेत. ते म्हणे कशाचे? 2019 च्या ऑक्टोबरपासून शेअरच्या एफअँडओत डिलिव्हरीच घ्यावी लागते, कॉल पैशात आला, म्हणजे भाव स्ट्राइकच्या वर बंद झाला, तर 1500 शेअर 500 च्या भावाने उचलायचेच. याचे मेल आठवडाभर आधीपासून रोज गेले होते, इंग्रजीत. काकांच्या फोनमध्ये न उघडलेले 4 मेल मला त्यांनीच दाखवले. संत्र्याच्या धंद्यातले पैसे काढून भरले, सोमवारी शेअर डीमॅटला लागले तोवर भाव 470. दर शेअरला 30 रुपये, 45 हजार, आणि ते आधीचे 9.

त्यातला दोष माझाही आहे, मी गुरुवारी तीन वाजता फोन करून विकून टाकायला सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी इतके फोन होते की... असो. ते मला कधी बोलले नाहीत, मला मात्र संत्री दिसली की आठवते.

म्हणून तुम्हाला सांगते, डोकं आठवीचं असो का कितवीचं, भाव कळायला ते पुरतं. कमी पडते ती वाचता येण्याची बाजू, नियम बदलतात आणि ते कागदावर बदलतात. पुतण्या मोबाईलवर टाकून देतो म्हणतो, पण मेल तो वाचेल का? खातं तुमचं, ओटीपी तुमचा, आणि बोट पुतण्याचं, हे मला अजिबात पटत नाही. करायचंच असेल तर निफ्टीपुरतं करा, तिथे रोखीत हिशेब होतो, डिलिव्हरीचं लचांड नाही, प्रीमियम देऊन घ्या, विकायच्या भानगडीत पडू नका, आणि वर्षाचा सगळा मिळून इसार 20 हजारांच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्यात हौस भागेल. खरं विचाराल तर तुमचं डोकं जिथे चालते तिथेच जास्त पैसे आहेत.

प्रश्न: मी निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्रात पीएच.डी. दहा वर्षांच्या डेटावर मॉडेल तयार करून निफ्टीचे दूरचे पुट विकण्याची पद्धत बसवली. 14 महिने सातत्याने नफा, एकूण 2 लाख 60 हजार. 4 जून 2024 रोजी एका दिवसात 7 लाख गेले. मॉडेल बरोबर होते, तरीही असे का व्हावे?
– धरमपेठ

उत्तर: सर, मॉडेल बरोबर होतं हे तुमच्या पूर्ण पत्रात तीनदा आलंय, मी इथे एकदाच छापलं. (बाकीच्यांसाठी, पुट विकणाऱ्याला प्रीमियम मिळतो, पण बाजार फार पडला की तोटा त्याच्या खिशातून जातो.)

4 जूनला लोकसभेचा निकाल होता. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर निफ्टी 3 टक्क्यांच्या वर चढला होता आणि निकालाच्या दिवशी 1,379 पॉइंट, जवळपास 6 टक्के, पडला. तारीख दोन महिने आधीपासून पेपरात छापलेली होती. मॉडेलला ती माहीत नव्हती, तुम्हाला होती. माझ्यासारखीला एवढंच कळतं की घरात लग्न असलं की त्या दिवशी दुकान बंद ठेवतात.

तुमच्याहून मोठी माणसं यात गेली आहेत हे ऐकून बरं वाटणार असेल तर लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट आठवा, 1994 ची अमेरिकेतली कंपनी, मायरॉन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन तिच्यात भागीदार, दोघांना 1997 मध्ये ऑप्शनची किंमत ठरवण्याच्या कामासाठीच अर्थशास्त्राचं नोबेल, आणि 1998 मध्ये रशियाने कर्ज बुडवलं तेव्हा काही महिन्यांत 4 अब्ज डॉलरच्या वर गेले आणि फेडला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, बँकांची बैठक बोलावून 3.6 अब्जांची सोय करावी लागली. गणित चुकलं असं कोणी म्हणत नाही. कर्ज काढून सौदे किती मोठे केले ते चुकलं.

तुमचंही तेच. 14 महिन्यांत 2 लाख 60 हजार म्हणजे महिन्याला साधारण साडेअठरा हजार, आणि एका दिवसात 7 लाख जाऊ शकतील इतके पुट विकलेले. वर्गात हेच उदाहरण एखाद्या पोराने मांडलं असतं तर तुम्ही त्याला काय मार्क दिले असते सांगा. शिकलेल्या माणसाची एक अडचण मी डेस्कवरून फार वेळा पाहिली, आयुष्यभर बरोबर उत्तराला मार्क मिळालेले असतात, त्यामुळे उत्तर बरोबर असून पैसे जाऊ शकतात हे त्याला अन्याय वाटतं आणि तो बाजाराशी वाद घालत बसतो. दुपारी बारा वाजता तुम्ही सौदा कापला असता तर किती गेले असते ते काढून बघा. तुम्ही कापला नाही, वाट पाहिली, हो ना? पत्रात लिहिलं नाही पण 7 लाखांचा आकडाच सांगतो.

पुन्हा करायचं असेल तर विकलेल्या प्रत्येक पुटच्या खालचा एक पुट विकत घेऊन ठेवा. नफा कमी होईल, मॉडेलला आवडणार नाही.

प्रश्न: बीएससी केलं, नोकरी करतो, पगार वर्षाला 6 लाख. एफअँडओमध्ये 1 लाख 40 हजार लॉस झाला. मित्र म्हणतो लॉसवर टॅक्स नसतो मग रिटर्नमध्ये दाखवायचं काहून? हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
– बुटीबोरी

उत्तर: दाखवा. एफअँडओ हा टॅक्सच्या भाषेत धंदा आहे, सट्टा नाही, म्हणून पगाराचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. रिटर्न मुदतीत भरलं तर हा लॉस पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि पुढे धंद्यात नफा झाला की त्यातून वजा होतो. पगारातून वजा होत नाही, तेवढी आशा सोडा. इंट्राडेचा (त्याच दिवशी शेअर घेऊन विकण्याचा) लॉस असेल तर तो वेगळा लिहायचा, तो सट्ट्यात धरतात आणि चारच वर्षं ओढता येतो, तोही सट्ट्याच्याच नफ्यातून. सौदे एक्स्चेंजवर झालेत, सगळ्याची नोंद पॅनवर आहे, त्यामुळे न दाखवून लपतही नाही, उलट नोटीस आली तर समजावत बसावं लागेल.

ब्रोकरच्या साइटवरून टॅक्स पीअँडएल (नफ्यातोट्याचा हिशेब) डाउनलोड करा आणि सीएकडे जूनमध्येच द्या, जुलैत त्यांना जेवायला वेळ नसतो.